'कॉन्स्पिरसी' चित्रपट आणि वान्झेची बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. 'कॉन्स्पिरसी' आतापर्यंत तीनदा दाखवला. तिन्ही वेळा लोक खुर्च्यांवरून उठायलाच तयार नव्हते. नंतर चिठ्ठ्या आल्या, फोन आले, आणि त्यात प्रश्न बहुतेक तेच ते. म्हणून सगळे इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. मी आयुष्यभर पुरवठा खात्यात कारकुनी केली आणि बैठकांची इतिवृत्तं लिहिली. हा चित्रपट मला इतका का लागला, हे सातव्या उत्तरात येईल.

१. हा चित्रपट कशाबद्दल आहे?

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या कडेला, वान्झे तलावाकाठच्या एका बंगल्यात नाझी राजवटीचे १५ अधिकारी जमले. युरोपातल्या ज्यूंच्या संहाराचं काम कोणत्या खात्यानं कसं करायचं, यावर त्यांची साधारण दीड तास बैठक झाली आणि नंतर जेवण झालं. चित्रपट त्या एका बैठकीचा आहे. तो २००१ सालचा, एचबीओ आणि बीबीसीनं मिळून टीव्हीसाठी केलेला. दिग्दर्शक फ्रँक पिअर्सन, लेखक लोरिंग मँडेल. बैठक बोलावणारा राइनहार्ड हायड्रिख केनेथ ब्रॅनानं केला आहे, तिची सगळी व्यवस्था पाहणारा अडॉल्फ आइशमन स्टॅन्ली टुचीनं आणि गृहखात्याचा विल्हेल्म श्टुकार्ट कॉलिन फर्थनं. ब्रॅना आणि मँडेल दोघांनाही यासाठी एमी पुरस्कार मिळाला.

२. दीड तास नुसती बोलणीच? कंटाळा नाही येत?

पहिली दहा मिनिटं धीर धरा. बर्फ पडलेला आहे, नोकर टेबल मांडताहेत, आइशमन प्रत्येक खुर्चीसमोरची नावाची पाटी नीट झाली की नाही ते बघतोय. कुठल्याही मोठ्या साहेबाच्या दौऱ्याआधी विश्रामगृहात चालते तशीच धांदल. मग एकेक गाडी येते, कोट उतरतात, जुन्या ओळखी निघतात. बोलणं सुरू झालं की तुम्हाला उठवत नाही. गोळी सुटत नाही, प्रेत दिसत नाही. कुणाच्या ताटात काय वाढलंय आणि तो तोंडानं काय बोलतोय, एवढंच दिसतं.

सगळे इंग्रजी बोलतात. जर्मन ढंगाचं इंग्रजी बोलण्याचा आव कुणी आणत नाही, आणि ते फार बरं झालं. तसं केलं असतं तर ही माणसं दूरची, परकी वाटली असती.

३. ही बैठक खरंच झाली होती? बोलावली कुणी?

झाली होती. ३१ जुलै १९४१ रोजी हिटलरच्या खालोखालच्या हेरमान ग्योरिंगनं हायड्रिखला लेखी अधिकार दिला होता, की 'ज्यू प्रश्नाच्या' सर्वंकष उपायाची तयारी करावी आणि संबंधित खात्यांना सोबत घ्यावं. हायड्रिख हा राइखच्या (म्हणजे जर्मन राज्याच्या) सुरक्षा मुख्य कार्यालयाचा प्रमुख. त्या पत्राच्या बळावर त्यानं ९ डिसेंबर १९४१ ची तारीख धरून निमंत्रणं पाठवली. त्याच आठवड्यात जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि मॉस्कोसमोर सोव्हिएत फौजांनी उलटा मारा सुरू केला. बैठक पुढे ढकलली गेली. निमंत्रणात बैठकीनंतर न्याहारी असल्याचा उल्लेख आहे.

४. ज्यूंना मारायचं हे याच बैठकीत ठरलं ना?

नाही. सगळ्यात जास्त येणारा गैरसमज हाच. माणसं मारणं आधीच चालू होतं, तेही लाखांच्या घरात. जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर स्वारी झाल्यापासून सैन्याच्या मागोमाग जाणारी खास पथकं गावंच्या गावं खंदकांपाशी नेऊन गोळ्या घालत होती. कीव्हजवळच्या बाबी यारमध्ये २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली, हा आकडा जर्मन पथकाच्या स्वतःच्या अहवालातला आहे. रिगाजवळ रुंबुलाच्या जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबरला २५ हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. लाटव्हियातल्या कत्तलींत ज्याचा हात होता तो रुडोल्फ लांगे वान्झेच्या टेबलाशी बसलेला आहे. चित्रपटात तो गप्पगप्प असतो, त्याचं कारण हे. बाकीचे ज्याबद्दल शब्द शोधताहेत ते तो करून आलेला आहे. खेल्म्नो इथे गॅसच्या मोटारगाड्यांनी मारणं ८ डिसेंबर १९४१ लाच सुरू झालं होतं, आणि बेल्झेकच्या छावणीचं बांधकामही चालू होतं.

५. मग बैठकीची गरज काय होती?

मुखत्यारी. हे काम कुणाच्या अखत्यारीत, हा वाद मिटवायचा होता. परराष्ट्र खातं, गृहखातं, न्यायखातं, व्याप्त पोलंडचं प्रशासन, पूर्वेकडच्या मुलखाचं खातं, प्रत्येकाला आपला हद्दीचा दगड जपायचा होता. हायड्रिखला सगळ्यांच्या तोंडून एकच वदवून घ्यायचं होतं, की सूत्रं त्याच्याकडे आणि उद्या कुणी 'आम्हाला विचारलं नव्हतं' म्हणणार नाही. चित्रपटात तो एकेकाकडे वळून संमती विचारतो. तो प्रसंग रचलेला असला तरी बैठकीचा हेतू त्यात अचूक उतरला आहे.

कामाची गतीही सांगायला हवी. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी दाखवून दिलं आहे, की या संहारात बळी पडलेल्यांपैकी ७५ ते ८० टक्के माणसं मार्च १९४२ च्या मध्याला जिवंत होती. अकरा महिन्यांनी हे प्रमाण नेमकं उलटं झालं होतं.

६. आत काय बोललं गेलं हे आपल्याला कसं कळलं?

आइशमननं तयार केलेल्या इतिवृत्तावरून. १५ पानं. ३० प्रती काढल्या होत्या, वर गोपनीयतेचा शिक्का. युद्ध हरताना बाकीच्यांनी आपापल्या प्रती नष्ट केल्या. परराष्ट्र खात्याच्या मार्टिन लुथरला गेलेली १६ क्रमांकाची प्रत तेवढी फायलीत राहिली. (हा लुथर चारशे वर्षांपूर्वीचा धर्मसुधारक नव्हे. ही शंकाही दोनदा आली.) १९४७ मध्ये न्युरेनबर्ग खटल्यांचे सरकारी वकील रॉबर्ट केम्प्नर यांच्या माणसांना ती सापडली. दुसरा आधार म्हणजे १९६१ च्या जेरुसलेममधल्या खटल्यात खुद्द आइशमननं दिलेली जबानी.

७. इतिवृत्तात 'मारणे' हा शब्दच नाही म्हणतात. मग त्यावरून संहार कसा सिद्ध होतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी जवळ बसवतो.

इतिवृत्तात ज्यूंना पूर्वेकडे 'हलवायचं' आहे. पुढे लिहिलं आहे, की काम करू शकणारे ज्यू मोठ्या टोळ्या करून, बाया आणि पुरुष वेगळे काढून, रस्ते बांधत पूर्वेकडे नेले जातील, आणि त्यातला मोठा भाग निःसंशय 'नैसर्गिक घटीनं' गळून पडेल. शेवटी जे उरतील ते सगळ्यांत चिवट असणार. त्यांच्याबाबतीत 'त्यानुसार कार्यवाही' करावी लागेल, कारण त्यांना सोडलं तर त्यांच्यातून ज्यू समाज पुन्हा उभा राहील.

'घट' हा शब्द मी तीस वर्षं लिहिला. धान्याच्या गोदामाच्या नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना असतो. साठवणूक घट, वाहतूक घट. ज्वारी वाळते, पोत्यातून सांडते, उंदीर खातात, आणि वजन कमी भरतं ते आपण घटीत दाखवतो. 'योग्य ती कार्यवाही करावी' हे तर रोज किती कागदांवर लिहिलं असेल त्याची मोजदाद नाही. तेच शब्द माणसांच्या नावापुढे वाचले त्या दिवशी मला रात्री जेवण गेलं नाही.

शब्दांचा अर्थ काय होता, हे आइशमननं कोर्टात सांगितलं. टेबलाशी उघडउघड मारण्याच्या, संपवण्याच्या पद्धतींवर बोलणं झालं, आणि ते कागदावर सौम्य करून उतरवलं गेलं. मसुदा हायड्रिखनं स्वतः तपासला होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाला 'हलवणे' म्हणजे काय ते ठाऊक होतं. 'उरलेले सोडले तर समाज पुन्हा उभा राहील' हे वाक्य तर शब्दकोशाशिवायही समजतं.

८. १ कोटी १० लाखांचा आकडा कुठून आला? ज्यू तर ६० लाख मारले गेले.

६० लाख हे मारले गेलेले. १ कोटी १० लाख हे मारायचे ठरवलेले. इतिवृत्ताच्या सहाव्या पानावर देशवार तक्ता आहे. डावीकडे देश, उजवीकडे संख्या. युक्रेन २९,९४,६८४. हंगेरी ७,४२,८००. इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियासमोर आकडा नाही, 'ज्यूमुक्त' असं लिहिलं आहे. तिथलं काम तेव्हाच झालेलं होतं.

इंग्लंड जिंकलेलं नव्हतं. स्वित्झर्लंड, स्पेन, स्वीडन, पोर्तुगाल, आयर्लंड युद्धातच नव्हते. तरी ते यादीत आहेत. एखाद्या आगामी वर्षाच्या आराखड्यात पुढची गावं आधीच धरून ठेवतात, तशी.

९. चित्रपटातलं किती खरं आणि किती रचलेलं?

माणसं, जागा, तारीख, बसणाऱ्यांची खाती, विषयांचा क्रम आणि इतिवृत्तातले मुद्दे खरे. संवाद मँडेल यांचे. शब्दशः नोंद उरलेली नसल्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. ठळक फरक असे :

छावण्यांबद्दल आणि गॅसबद्दल चित्रपटात खुलेपणानं बोलतात. इतिवृत्तात थेरेझिएनश्टाट सोडून एकाही छावणीचं नाव नाही. ६५ वर्षांवरचे आणि पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले ज्यू तिथल्या 'वृद्धांच्या वस्तीत' ठेवायचे, असं त्यात आहे.

राइख चॅन्सेलरीचा, म्हणजे हिटलरच्या सरकारी कचेरीचा, क्रिट्झिंगर चित्रपटात अस्वस्थ होतो. ज्यूंचा संहार होणार नाही असं मला खुद्द फ्युररनं, म्हणजे हिटलरनं, सांगितलंय, असं म्हणतो, आणि हायड्रिख त्याला बाजूला घेऊन गप्प करतो. इतिवृत्तात त्याच्या नावावर एकही हरकत नाही. खऱ्या क्रिट्झिंगरनं युद्धानंतर चौकशीत आपल्याला लाज वाटते असं सांगितलं. त्या गटातून असं बोलणारा तो जवळजवळ एकटाच, आणि लेखकानं बहुधा तो धागा मागे ओढून बैठकीत आणला. बापाचा द्वेष करत जगलेल्या माणसाची त्याची गोष्टही चित्रपटाचीच आहे. ती फार परिणामकारक आहे, पण पुरावा म्हणून कुणी सांगू नये.

शेकोटीपाशी हायड्रिख, आइशमन आणि गेस्टापोचा (गुप्त पोलिसांचा) प्रमुख म्युलर निवांत बसतात आणि कोन्याक पितात, हा प्रसंग मात्र खरा. आइशमननं तो स्वतः सांगितला.

१०. श्टुकार्ट तर हायड्रिखला विरोध करतो. तो त्यातल्या त्यात बरा माणूस होता ना?

कॉलिन फर्थनं ते काम इतकं ताकदीनं केलंय की तसं वाटतं. चिडतो, कायदा म्हणजे काय ते सुनावतो, टेबल दणाणून सोडतो. पण तो काय वाचवतोय ते नीट ऐका. १९३५ च्या न्युरेनबर्ग कायद्यांच्या घडणीत त्याचा हात होता आणि त्यांवरचं भाष्य त्यानं हान्स ग्लोब्केबरोबर लिहिलं होतं. कोण ज्यू, कोण अर्धा, कोण पाव, हे आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरवणारे ते कायदे. हायड्रिखचे लोक त्या व्याख्या बाजूला सारून मनाला येईल तसे ठरवणार, हे त्याचं दुखणं. माणसं वाचवण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि इतिवृत्तात त्याची सूचना नोंदलेली आहे. मिश्र रक्ताच्या लोकांची सक्तीनं नसबंदी करावी, आणि मिश्र विवाह कायद्यानंच मोडीत काढावेत, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा कागदोपत्री व्याप वाचेल. ही सूचना 'मवाळ' म्हणून पुढे आली. इतिवृत्तातली बरीच पानं या मिश्र रक्ताच्या अपवादांवर आणि अपवादांच्या अपवादांवर खर्ची पडली आहेत. त्या प्रश्नावर ६ मार्च आणि २७ ऑक्टोबर १९४२ ला आणखी बैठका झाल्या.

११. ते एकमेकांना 'डॉक्टर' म्हणतात. डॉक्टर होते का?

वैद्य नव्हेत. १५ पैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती, बहुतेकांची कायद्यातली. लांगेसुद्धा कायद्याचा डॉक्टर.

१२. हिटलर बैठकीला नव्हता, त्याची सही कुठे नाही. मग त्याला माहीत होतं कशावरून?

वान्झेची बैठक सचिव आणि विभागप्रमुख पातळीची होती. तिथे हिटलर नसणार, हायड्रिखचा वरिष्ठ हिमलरही नव्हता, मंत्रीही नव्हते. संहाराचा सहीचा एकच आदेश सापडलेला नाही हे खरं. पण ३० जानेवारी १९३९ ला त्यानं संसदेत जाहीर केलं होतं, की महायुद्ध झालं तर युरोपातल्या ज्यू वंशाचा विनाश होईल. १२ डिसेंबर १९४१ ला पक्षाच्या प्रांतप्रमुखांपुढे तो पुन्हा तेच बोलला, आता ते प्रत्यक्षात येणार या अर्थानं, आणि गोबेल्सनं दुसऱ्या दिवशी ते रोजनिशीत लिहून ठेवलं. बैठक त्यानंतर पाच आठवड्यांनी झाली. चित्रपटातला क्रिट्झिंगरचा प्रसंग (प्रश्न ९) कुणी हिटलरच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत असेल तर तो रचलेला आहे, हे लक्षात ठेवा.

१३. लष्कर आणि रेल्वे का दिसत नाहीत?

त्यांचे प्रतिनिधी बोलावलेलेच नव्हते. सहभाग मात्र दोघांचाही होता. गाड्यांचं वेळापत्रक आइशमनचं कार्यालय आणि रेल्वे यांच्यात ठरायचं.

१४. रोमा लोकांबद्दल बैठकीत काही झालं का?

या इतिवृत्तात त्यांचा उल्लेख नाही. त्यांचा संहार वेगळ्या आदेशांनी झाला. त्यांना ऑशविट्झला पाठवण्याचा हिमलरचा आदेश १६ डिसेंबर १९४२ चा आहे. तेव्हा 'वान्झेच्या कागदात नाही म्हणजे घडलं नाही' असा हिशेब करू नये.

१५. इतिवृत्त बनावट आहे, असा संदेश आला होता. खरं काय?

असले संदेश मलाही आले. उत्तर साधं आहे. ज्यानं ते तयार केलं त्या आइशमननं कोर्टात स्वतःच्या बचावात बोलतानाही ते नाकारलं नाही. फाशी समोर दिसत असताना 'हा कागद माझा नाही' म्हणणं त्याच्या फायद्याचं होतं. शिवाय निमंत्रणाची पत्रं आहेत आणि पुढच्या बैठकांचे कागद आहेत (प्रश्न १०). असा संदेश पुढे पाठवणाऱ्या नातेवाइकाला हे शांतपणे सांगा, पण सांगा.

१६. पुढे त्या पंधरा जणांचं काय झालं?

हायड्रिखवर २७ मे १९४२ ला प्रागमध्ये यान कुबिश आणि योझेफ गाब्चिक यांनी हल्ला केला. ४ जूनला तो मेला. सूड म्हणून नाझींनी लिडित्से हे गाव पुसून टाकलं. न्यायखात्याचा फ्राइस्लर फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मेला. लांगे आणि मायर १९४५ मध्ये संपले. लुथरनं आपल्याच मंत्र्याविरुद्ध कारस्थान केलं म्हणून त्याला छावणीत टाकलं होतं. तोही १९४५ लाच गेला. म्युलर मे १९४५ मध्ये बेपत्ता झाला. शॉनगार्थला ब्रिटिशांनी १९४६ मध्ये फाशी दिलं, ब्यूलरला पोलंडनं १९४८ मध्ये. आइशमन अर्जेंटिनात लपला होता. मे १९६० मध्ये इस्रायलच्या हेरांनी त्याला उचललं आणि १९६२ मध्ये त्याला फाशी झाली.

आता दुसरी बाजू. श्टुकार्टला जेवढे दिवस कोठडीत काढले तेवढीच शिक्षा झाली. १९५३ मध्ये तो मोटार अपघातात गेला. होफमानला २५ वर्षं सुनावली आणि १९५४ मध्ये सोडून दिलं. लाइब्रांटवरचा खटला चाललाच नाही. दोघेही १९८२ पर्यंत जगले. क्लॉप्फर उल्म शहरात वकिली करत १९८७ पर्यंत होता. चित्रपटाच्या शेवटी ही माहिती पडद्यावर येते तेव्हा दिवे लावायची घाई करू नका, अशी आमच्या ऑपरेटरला ताकीद आहे.

१७. याच विषयावर जर्मन चित्रपटही आहेत ना? आधी कुठला बघू?

दोन. १९८४ चा हाइन्झ शिर्क यांचा आणि २०२२ चा माटी गेशोनेक यांचा. दोन्हींचं नाव 'वान्झे परिषद' याच अर्थाचं, आणि दुसरा पहिल्याच्या लेखनावर उभा आहे. १९८४ चा चित्रपट बैठकीएवढ्याच वेळेचा आहे, हसत-खिदळत चालतो आणि म्हणून जास्त बोचतो. २०२२ च्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, कुणाच्या मनाची टोचणी नाही, सगळं थंड. माझ्या मते इतिहासाला तो सर्वांत जवळचा. तरी सुरुवात 'कॉन्स्पिरसी'नंच करा. पात्रं लक्षात राहतात आणि पुढचे दोन समजायला सोपे जातात.

१८. शाळेतल्या मुलांना दाखवावा का?

नववी-दहावीच्या पुढे दाखवा. दृश्यांत हिंसा नाही, पण भाषा शिवराळ आहे आणि नसबंदीवर बोलणं आहे. आधी पंधरा मिनिटं प्रश्न ४ मधली माहिती सांगा, नाहीतर मुलांना ही नुसती साहेबांची बाचाबाची वाटते. आपल्याकडे कडक मास्तरला कौतुकानं 'हिटलर' म्हणतात. एका शाळेत बघून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "काका, आम्ही बाईंना तसं म्हणतो, आता नाही म्हणणार." मी काही शिकवलं नव्हतं, फक्त सहाव्या पानावरचा तक्ता फळ्यावर लिहिला होता.

१९. त्या यादीत आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू होते का? आणि वळिवड्याच्या छावणीतले पोलिश लोक यातूनच आले होते का?

दोन्हींचं उत्तर नाही. यादी युरोपापुरती आहे. रायगडातले मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले 'शनवार तेली' तिच्यात नव्हते. जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून मुंबईला आलेल्यांशी मात्र नातं आहे. वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे नाझींमुळे देश सोडून आले आणि त्यांनी सूझा, रझा, आरा, हुसेन या तरुण चित्रकारांच्या पाठीवर हात ठेवला.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश बाया, मुलं आणि म्हातारी माणसं राहिली. ती बहुतेक कॅथलिक होती आणि सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं होतं. त्यांचे हाल खरे, पण ती हकीकत वेगळी.

२०. तो बंगला आज पाहता येतो का?

येतो, आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. १९१४-१५ मध्ये एका कारखानदारानं बांधलेलं ते घर. युद्धानंतर बरीच वर्षं ते शाळकरी मुलांच्या सहलींचं वसतिगृह होतं. ऑशविट्झमधून वाचलेले इतिहासकार योझेफ वुल्फ यांनी १९६० च्या दशकात तिथे संशोधन केंद्र व्हावं म्हणून जीव तोडून प्रयत्न केले. यश आलं नाही, आणि १९७४ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. स्मारक झालं ते २० जानेवारी १९९२ ला, बैठकीला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा. तिथल्या ग्रंथालयाला आता वुल्फ यांचं नाव आहे. बर्लिनमध्ये कुणाची मुलं-नातवंडं असतील तर लोकल गाडीनं वान्झे स्टेशनला उतरायचं आणि तिथून ११४ क्रमांकाची बस.